‘डाउट’ की ‘सस्पेक्ट’? सारखे वाटणारे इंग्रजी शब्द अडले की काय तपासावे

आधी लक्षणे.

अर्ज टाइप झाला, कॉम्प्युटरने एकाही शब्दाखाली लाल रेघ मारली नाही, तरी टेबलापलीकडचा कारकून दोनदा वाचून विचारतो, ‘म्हणजे तुम्हाला नेमके काय हवेय?’ डिक्शनरी उघडावी तर दोन्ही शब्दांपुढे एकच मराठी अर्थ छापलेला. हॉटेलच्या काउंटरवर तुम्ही अगदी अदबीने बोलता, तरी पाहुण्याच्या कपाळावर आठी पडते. मुलाचे उत्तर बरोबर आहे असे तुम्हाला वाटते आणि बाईंनी एका शब्दाभोवती लाल गोल केलेला असतो. हमखास ओळखू येणारे लक्षण मात्र वेगळेच आहे. तीच जोडी तुम्ही चार वेळा पाठ केलीत आणि पाचव्या वेळी हात पुन्हा तिथेच अडतो.

यातले एक जरी ओळखीचे वाटले तर पुढे वाचा. गोव्यातल्या डिचोलीत माझे टायपिंग आणि झेरॉक्सचे दुकान आहे. मामलेदार कचेरी, पोलीस स्टेशन, बँक, पंचायत, शाळा, सगळीकडे जाणारे कागद बावीस वर्षे माझ्या हाताखालून जात आहेत. कोणी मराठीत मजकूर सांगतात, कोणी कोकणीत, आणि मी इंग्रजीत उतरवते. कोणी मुलाने मोबाइलवर लिहून दिलेले इंग्रजी घेऊन येतात आणि म्हणतात, ‘ताई, एवढे नीट करून दे गो.’ माणसे बदलतात, कामे बदलतात, बिघाड बहुतेक वेळा तोच असतो.

लोकांना वाटते की आपले इंग्रजी कच्चे आहे. तसे नसते. ‘सावली’ हा शब्द घ्या. आंब्याच्या सावलीत आपण बसतो आणि भिंतीवर आपली सावली पडते. मराठीत दोन्हीला एकच शब्द. इंग्रजीत आंब्याखालचा गारवा ‘शेड’ आणि भिंतीवरची काळी आकृती ‘शॅडो’. आमच्याकडची बरीच मुले चौथीपर्यंत मराठी शाळेत असतात आणि पाचवीला इंग्रजी माध्यमात जातात. त्या वयात प्रत्येक इंग्रजी शब्दाला एकेक मराठी शब्द चिकटवून पाठ केलेला असतो. तेव्हा ते गरजेचेच असते. पण पुढे ‘शेड म्हणजे सावली’ आणि ‘शॅडो म्हणजेही सावली’ असे दोन कागद डोक्यात एकाच फायलीत जातात, आणि घाईत हाताला लागेल तो बाहेर येतो.

इंग्रजीत असे जुळे शब्द एवढे का, तेही समजून घ्यावे, म्हणजे भीती कमी होते. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. दरबारात आणि न्यायालयात फ्रेंच आली, शेतात आणि घरात जुनी इंग्रजी राहिली, चर्चमध्ये आणि विद्वानांत लॅटिन होतीच. म्हणून साधे विचारणे ‘आस्क’, जरा औपचारिक ‘क्वेश्चन’ आणि पोलीस करतात ती चौकशी ‘इंटरॉगेट’. आपल्याला यात नवल वाटू नये. आपण पाणी पितो आणि देवाला जलाभिषेक करतो. नळाला जल आले नाही असे आपण म्हणत नाही, आणि त्यासाठी आपल्याला कोणी नियम शिकवलेला नसतो. पाणी आणि जल यांचा अर्थ एक, पण बसण्याची जागा वेगळी. इंग्रजी शब्दांची जागाही अशीच शोधायची असते.

आता तपासण्या सांगते. फुकटच्या आणि मिनिटभराच्या आधी, खर्चाच्या शेवटी. क्रम मोडू नका, कारण बरेचसे बिघाड पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच सापडतात.

हे इंग्रजीतच हवे का?

हे सगळ्यात आधी विचारा. कित्येक जण विनाकारण इंग्रजीत शिरतात. १९८७ च्या राजभाषा कायद्याने गोव्यात कोकणी ही राजभाषा आहे आणि सरकारी कामासाठी मराठीही वापरता येते. पंचायतीला, खात्याला साधा अर्ज मराठीत देता येतो. पोलिसांकडे खबर तोंडी सांगितली तरी चालते. ती लिहून घेणे, तुम्हाला वाचून दाखवणे आणि तिची प्रत फुकट देणे हे पोलिसांचे काम आहे. घरातल्या अंगावरच्या सोन्याची चोरी झाली आहे, हातपाय थरथरत आहेत, अशा वेळी परक्या भाषेत शब्द शोधत बसू नये. जिथे खरोखर इंग्रजी लागते, म्हणजे बँक, विमा, परदेशातला व्हिसा, बाहेरच्या कंपनीतली नोकरी, पर्यटकांशी व्यवहार, तिथेच पुढच्या तपासण्या करा.

शब्द मोठ्याने म्हणा, देवनागरीत लिहा

याला एक मिनिट लागते. स्पेलिंग तपासणाऱ्या सोयीला एवढेच कळते की शब्द डिक्शनरीत आहे. तुम्हाला हवा होता तो हाच का, हे तिला कळत नाही. म्हणून लाल रेघ नसल्यावर विसंबू नका.

आपल्या लिपीचा इथे मोठा उपयोग आहे. इंग्रजीत झाकलेला उच्चार देवनागरीत उघडा पडतो. ‘लूझ’ म्हणजे हरवणे, त्यात एकच ओ. ‘लूस’ म्हणजे सैल, त्यात दोन ओ. आधार कार्ड हरवते, सैल होत नाही. सल्ला म्हणजे ‘ॲडव्हाइस’, त्यात सी. सल्ला देणे म्हणजे ‘ॲडव्हाइज’, तिथे एस. ‘पर्सनल’ म्हणजे खासगी आणि ‘पर्सोनेल’ म्हणजे नोकरवर्ग, त्यात जोर शेवटी. ‘ॲक्सेप्ट’ आणि ‘एक्सेप्ट’ आपण सरसकट एकसारखे म्हणतो, त्यामुळे ‘अर्ज स्वीकारला’ असे लिहायचे असते आणि ‘अर्ज वगळला’ असे लिहिले जाते. निवड झालेल्या मुलीने नोकरीच्या पत्राला असे उत्तर लिहिलेले मी थांबवले आहे.

जिथे उच्चारही सारखा, तिथे कान उपयोगाचा नाही. तिथे मराठीकडून विचारा: या शब्दात ‘करणे’ किंवा ‘देणे’ आधीच मिसळलेले आहे का? ‘इफेक्ट’ म्हणजे परिणाम, ‘अफेक्ट’ म्हणजे परिणाम करणे. ‘कंप्लेंट’ म्हणजे तक्रार, ‘कंप्लेन’ म्हणजे तक्रार करणे. ‘प्रॅक्टिस’ आणि ‘लायसन्स’ हे दोन्ही नाम असताना सीच्या रूपात आणि क्रियापद असताना एसच्या रूपात लिहायचे, ही ब्रिटिश रीत. आपली कार्यालये तीच पाळतात. अमेरिकेला पत्र जाणार असेल तर त्यांची रीत वेगळी असते, मग दोन्हीकडे ‘प्रॅक्टिस’ सीनेच आणि ‘लायसन्स’ एसनेच.

‘प्रिन्सिपल’ची गंमत बँकेच्या पत्रात येते. शाळेचा मुख्याध्यापक आणि कर्जाचे मुद्दल, दोघांचेही स्पेलिंग एकच, शेवटी ए-एल. तत्त्व या अर्थाचा शब्द एल-ईने संपतो. व्याज फेडले आणि मुद्दल राहिले हे सांगताना तत्त्व राहिले असे लिहू नका. वह्या-पेनांची ‘स्टेशनरी’ ई-आर-वायने संपते, कारण एनव्हलपही ईनेच सुरू होते. जागच्या जागी उभी राहिलेली गाडी ए-आर-वायची. एवढे पुरे. या जोड्या पाठ करूनच सुटतात, त्यावर जास्त वेळ घालवू नये.

वस्तू कोणाकडून कोणाकडे चालली आहे?

कागदावर एक बाण काढा. दुकानात मी खरेच काढते, मसुद्याच्या कडेला, पेन्सिलीने.

‘उसने’ हा शब्द मराठीत मधे उभा असतो. आपण उसने देतो आणि उसने घेतो, दिशा क्रियापद सांगते. इंग्रजीत दिशा शब्दातच भरलेली आहे. माझ्याकडून बाहेर गेले तर ‘लेंड’, माझ्याकडे आले तर ‘बॉरो’. शेजाऱ्याकडे पैसे मागताना ‘मला बॉरो करा’ असे म्हटले तर ऐकणारा क्षणभर गोंधळतो, कारण बाण उलटा झाला. शिकणे-शिकवणे हे मराठीत एकाच घरातले, म्हणून ‘लर्न’ आणि ‘टीच’ यांचीही अदलाबदल होते. देश सोडून जाणारा ‘एमिग्रंट’ आणि आत येणारा ‘इमिग्रंट’. पोर्तुगालला निघालेला आपला मुलगा आपल्यासाठी पहिला आणि तिथल्या लोकांसाठी दुसरा असतो. अर्ज कुठल्या देशाला जातो आहे ते पाहून शब्द घ्यावा.

पैसे परत करण्याचेही तसेच. दुकानदाराने किंवा हॉटेलने परत दिले तर ‘रिफंड’. कर्जदाराने फेडले तर ‘रीपे’. तुम्ही आधी खिशातून खर्च केला आणि ऑफिसने किंवा विम्याने नंतर भरून दिला तर ‘रीइंबर्स’. दवाखान्याच्या बिलाच्या अर्जात ‘रिफंड’ लिहिले की वाचणाऱ्याला वाटते, तुम्ही दवाखान्याकडून पैसे परत मागत आहात.

कागदावर ‘ओ-आर’ आणि ‘डबल ई’ अशी शेपटे दिसली की सावध व्हा. ओ-आरवाला देतो, डबल-ईवाला घेतो. जागा भाड्याने देणारा ‘लेसर’, घेणारा ‘लेसी’. इथपर्यंत सगळ्यांना पटते. पण ‘मॉर्गेजर’ म्हणजे कोण? दहातले बरेच जण म्हणतात, बँक. नाही. तिथे दिली जाते ती गहाणाची जमीन, पैसे नव्हेत. जमीन गहाण देणारे तुम्ही, म्हणून मॉर्गेजर तुम्ही आणि मॉर्गेजी बँक. इथे चुकीच्या रेघेवर सही केली तर कागद परत येतो.

कळंगुटला खोल्या भाड्याने देणारा एक भाचा आहे माझा. पर्यटकांना मेसेज करताना तो ‘ॲडव्हान्स’ आणि ‘डिपॉझिट’ मिळेल ते लिहायचा. आपल्याकडे शब्द स्वच्छ आहेत: आगाऊ म्हणजे बिलात वळती होणारी रक्कम, अनामत म्हणजे शेवटी परत द्यायची. पण इंग्रजीत ‘डिपॉझिट’ दोन्ही अर्थांनी चालते. पाहुणे चेक-आउटला पैसे मागायला उभे राहत आणि रोज वाद. त्याला मी एवढेच सांगितले की परत द्यायचे असतील तर ‘डिपॉझिट’च्या आधी ‘रिफंडेबल’ लिही, बिलात धरायचे असतील तर ‘तुमच्या बिलात वजा होईल’ असे अख्खे वाक्य लिही. शब्द दोन अर्थांचा असेल तर त्याच्याशी झगडू नये, वाक्य लांबवावे.

मराठी वाक्य बदलून पाहा

ही माझी आवडती तपासणी. अर्धा तास लागेल, पैसे लागत नाहीत, आणि एकदा केलेली जन्मभर पुरते. एका मराठी शब्दाला दोन इंग्रजी शब्द असतील, तर तो मराठी शब्द दोन वेगळ्या वाक्यांत घालायचा आणि मराठीतच काय बदलते ते शोधायचे. काहीतरी बदलतेच. आपण इतके सराईत असतो की ते दिसत नाही.

‘पर्यंत’ घ्या. मयेच्या वाटेवर चवथीच्या आधी गणपतीची चित्रशाळा उघडी असते. आपण म्हणतो, ‘चवथीपर्यंत मूर्ती रंगवून हवी.’ आणि म्हणतो, ‘चवथीपर्यंत चित्रशाळा उघडी असते.’ पहिल्या वाक्यात काम एकदाच पुरे होऊन संपते, मग ते दोन दिवस आधी झाले तरी चालते. दुसऱ्यात उघडे असणे त्या दिवसापर्यंत अखंड चालू राहते. पहिल्याला ‘बाय’, दुसऱ्याला ‘टिल’. ‘मी सोमवारपर्यंत कागद सादर करतो’ हे ‘टिल’ने लिहिले तर तुम्ही सोमवार उजाडेपर्यंत रोज कागद सादर करत राहणार असा त्याचा अर्थ होतो.

‘पासून’चेही तसेच. ‘२०२१ पासून’ आणि ‘दोन वर्षांपासून’. पहिल्यात कॅलेंडरवर बोट ठेवता येते, तिथे ‘सिन्स’. दुसऱ्यात मुदत मोजली आहे, तिथे ‘फॉर’. बोट ठेवता येते का, एवढेच विचारा.

‘पाय’ आणि ‘हात’ हे लहान वाटतात, पण त्यावरून एक विम्याचा दावा अडकलेला मी पाहिला आहे. एका काकींचे पावलाचे हाड मोडले होते. घरच्यांनी अर्जात ‘लेग’ लिहिले, डॉक्टरांच्या कागदावर ‘फूट’ होते. दोन कागद जुळेनात, म्हणून खुलासा मागवला गेला आणि काकी प्लास्टर घातलेल्या पायाने दोन महिने वाट बघत राहिल्या. मांडीपासून घोट्यापर्यंत ‘लेग’, घोट्याखाली ‘फूट’. खांद्यापासून मनगटापर्यंत ‘आर्म’, पुढे ‘हँड’. पायाचे बोट ‘टो’. शरीराचा शब्द कधीही डोक्यातून लिहू नका, डॉक्टरांच्या कागदावरून उतरवून घ्या.

उलटेही घडते. कधी शब्द आपल्याकडे जास्त असतात. शेतात उभे ते भात, गिरणीतून आले ते तांदूळ, ताटात वाढला तो पुन्हा भात. इंग्रजीत टरफलासकट असेल तर ‘पॅडी’, मग शिजेपर्यंत आणि शिजल्यावरही ‘राइस’. शेतीच्या मदतीच्या अर्जात पिकाला ‘पॅडी’ म्हणावे. आणि आपले उकडे तांदूळ म्हणजे ‘पारबॉइल्ड राइस’, कारण सालीसकट भात उकडून मग सडलेला असतो. मेनूकार्डावर नुसते ‘बॉइल्ड राइस’ लिहिले तर परक्या माणसाला तो साधा शिजवलेला भात वाटतो, आणि आपण त्याच्यापुढे काय वाढतो आहोत ते त्याला कळतच नाही.

आता तो शब्द, ज्याच्यासाठी हे लिहायला बसले. ‘संशय’.

पावसाळ्यातल्या एका सकाळी एक बाई भिजत दुकानात आल्या. कपाटातली सोन्याची साखळी गेली होती. पोलिसांना द्यायचा कागद मुलीने इंग्रजीत लिहून दिला होता आणि मला तो फक्त टाइप करायचा होता. त्यात वाक्य होते: ‘आय डाउट दॅट द वर्कर टुक द चेन.’ त्यांना म्हणायचे होते, कामाला आलेल्या माणसाने साखळी नेली असा मला संशय आहे. कागद म्हणत होता, त्या माणसाने साखळी नेली असेल असे मला वाटत नाही. नेमके उलट. एका शब्दाने त्यांच्याच तक्रारीतला माणूस त्यांनीच निर्दोष ठरवला होता.

‘डाउट’ म्हणजे खरे नसावे असे वाटणे. ‘सस्पेक्ट’ म्हणजे खरे असावे असे वाटणे. मराठीत ‘संशय’ दोन्हीकडे चालतो, पण प्रत्यय पाहा. ‘त्याच्यावर संशय आहे’ आणि ‘तो येईल याबद्दल संशय आहे’. जिथे ‘वर’ येते तिथे ‘सस्पेक्ट’, जिथे ‘बद्दल’ येते तिथे ‘डाउट’. हा फरक आपल्या भाषेत कायमचाच आहे, आपण तो कधी थांबून पाहिलेला नसतो. त्या बाईंना मी हे दोन मराठी वाक्यांतून सांगितले आणि त्या लगेच म्हणाल्या, ‘म्हणजे मला वरचा संशय पाहिजे.’ तेव्हापासून मी दुकानात ‘वरचा संशय’ असेच म्हणते. आणि त्यांना मी असेही सांगितले की नेताना पाहिलेले नसेल तर माणसाचे नाव घालण्याआधी, काय पाहिले आणि काय नुसते वाटते ते पोलिसांसमोर तोंडी वेगवेगळे सांगा.

‘शंका’ही याच घरातली. शाळेत, कॉलेजात आपण ‘सर, आय हॅव अ डाउट’ म्हणतो आणि भारतभर ते समजते. परदेशी पाहुण्याला किंवा मुलाखत घेणाऱ्या परदेशी माणसाला मात्र वाटू शकते की तुम्ही त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवत नाही. तिथे ‘क्वेश्चन’ म्हणा.

मोबाइलवर इंग्रजी वाक्य पुन्हा मराठीत करून बघणे, हा उपाय बरेच जण सुचवतात. करा, पण त्याची मर्यादा ओळखा. ‘शेड’ आणि ‘शॅडो’ दोन्ही परत ‘सावली’ होऊनच येतात. ज्या दारातून चूक आत आली त्याच दारातून ती परत येते, म्हणून दिसत नाही.

शेजारी कोण बसले आहे?

मराठी वाक्यातूनही फरक सापडला नाही, तर इंग्रजीतच शब्दाच्या आजूबाजूला पाहावे लागते. इथे शिकणाऱ्यांसाठीची इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी हवी, जिच्यात प्रत्येक अर्थाखाली उदाहरणाची वाक्ये असतात. इंटरनेटवर ती फुकट बघता येते. अर्थ सोडा, उदाहरणे वाचा.

‘टेल’च्या मागोमाग माणूस बसतो: मला, तिला, साहेबांना. ‘से’च्या मागे बोललेली गोष्ट बसते. ‘स्टील’च्या मागे चोरलेली वस्तू, ‘रॉब’च्या मागे लुटलेला माणूस किंवा जागा. मुसळधार पाऊस ‘हेवी’, सोसाट्याचा वारा ‘स्ट्राँग’, भरती ‘हाय’. जून-जुलैत कुंपणाची भिंत कोसळली म्हणून नुकसानभरपाईचे अर्ज येतात आणि त्यांत ‘स्ट्राँग रेन’ असतेच. समजते सगळ्यांना, पण वाचणाऱ्याला क्षणभर खडा लागतो. उंच माड ‘टॉल’, उंच डोंगर ‘हाय’, कारण ‘टॉल’ सहसा रुंदीपेक्षा उंची जास्त असलेल्या गोष्टीला लागतो. याला पक्का नियम नाही. ऐकून आणि वाचूनच येते, जसे आपल्याला दाट धुके, घट्ट वरण आणि जाड पुस्तक आले.

समानार्थी शब्दांच्या यादीतून मात्र शब्द उचलू नका. त्या यादीत शब्द शेजाऱ्यांशिवाय एकटे उभे असतात.

समोरच्याला तो कसा लागेल?

ही कठीण, कारण ती डिक्शनरीत पुरती सापडत नाही. अर्थ बरोबर असतो आणि सूर चुकतो. मराठीत ‘मागणी’ सौम्य आहे, अर्जाच्या मथळ्यावरही आपण तो शब्द लिहितो. ‘डिमांड’मध्ये मात्र दरडावणी आहे, विनंती असेल तर ‘रिक्वेस्ट’. ‘स्वस्त’ आपल्याला चांगला वाटतो, पण आपल्याच खोल्यांना ‘चीप’ म्हटले की त्या हलक्या वाटतात. ‘रीझनेबल’ किंवा ‘अफोर्डेबल’ म्हणावे. आपण वास म्हटल्यावर तो चांगला की वाईट ते ठरायचे असते, पण खोली ‘स्मेल्स’ असे लिहिले की पाहुणा कुबटच समजतो. बकुळीसाठी ‘फ्रेग्रन्स’.

इथे माणूस लागतो. इंग्रजीत रोज काम करणाऱ्या ओळखीच्या कोणालाही, शाळेतल्या बाईंना, हॉटेलात बरीच वर्षे काढलेल्या भावाला, वाक्य वाचून दाखवा आणि अर्थ विचारू नका. ‘हे वाचून लिहिणारा रागावलेला वाटतो का?’ एवढेच विचारा.

इथे थांबा

काही शब्द भाषेचे राहिलेले नसतात, कायद्याचे झालेले असतात. तिथे मी स्वतः हात लावत नाही आणि तुम्हीही लावू नये.

‘गहाण’ हा आपला एकच शब्द. सोने गहाण ठेवले आणि ते सावकाराच्या तिजोरीत गेले, तर तो ‘प्लेज’. ट्रकवर कर्ज काढले, ट्रक तुम्हीच चालवता आणि आरसी बुकावर बँकेचे नाव चढले, तर ते ‘हायपोथिकेशन’. जमीन किंवा घर असेल तर ‘मॉर्गेज’. खाणपट्ट्यातल्या ट्रकवाल्यांच्या अर्जात हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी आलेले मी पाहिले आहेत. वस्तू काय आहे आणि ती आता कोणाच्या ताब्यात आहे, हे दोन प्रश्न विचारून शब्द ओळखता येतो. पण करारात तो घालणे हे वकिलाचे किंवा बँकेचे काम.

‘चोरी’ आणि ‘जबरी चोरी’ यांत मराठीही भेद करते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरी कलम ३०३ मध्ये आहे आणि जबरी चोरी, म्हणजे ‘रॉबरी’, कलम ३०९ मध्ये. गर्दीत खिसा कापला गेला तर ती ‘रॉबरी’ नव्हे, त्यात मारहाण किंवा धाक लागतो. कागदावर काय घडले ते क्रमाने लिहा. त्याला नाव पोलीस देतील.

जमिनीच्या कागदात आणखी जपा. कूळ वेगळे, मुंडकार वेगळा. शेत कसणाऱ्या कुळासाठी १९६४ चा कायदा आहे. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, संमतीने त्याच्या जमिनीतल्या घरात राहणाऱ्या मुंडकारासाठी १९७५ चा. दोघांनाही इंग्रजीत ‘टेनंट’ लिहून मोकळे झालात तर वेगळ्याच कायद्याखालचा माणूस कागदावर उभा राहतो. मुंडकाराला ‘मुंडकार’च लिहा, तो शब्द कायद्यातच आहे. जमिनीच्या नोंदीच्या फॉर्म एक आणि चौदावर ‘ऑक्युपंट’चा रकाना असतो, त्याच्या जागी आपल्या मनाने ‘ओनर’ घालू नका. अशा कागदासाठी वकिलाकडेच जा. फी वाचवायला म्हणून टायपिंगच्या दुकानात शब्द ठरवून घेऊ नका, माझ्या दुकानातसुद्धा.

पोर्तुगीज काळातले जुने कागद तर अजिबात अंदाजाने वाचू नका. अक्षरे इंग्रजीसारखी दिसतात आणि फसवतात. ‘पारेंतिश’ म्हणजे नातेवाईक, आई-वडील नव्हेत. ‘आक्तुआल’ म्हणजे सध्याचा, इंग्रजीतला ‘खरा’ नव्हे. वारसाच्या प्रकरणात चुलत्याचा बाप झाला तर ते निस्तरायला वर्षे जातात. तिथे पोर्तुगीज जाणणारा भाषांतरकार हवा, आणि त्याच्या भाषांतरावर त्याची सही हवी.

असा कागद दुकानात आला की बाकीचा मजकूर मी टाइप करून देते आणि त्या शब्दाची जागा मोकळी सोडते. समोर समासात गिऱ्हाइकाचे मराठी वाक्य पेन्सिलीने, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवते, आणि त्याला सांगते की आधी हे वाक्य वकिलाला वाचून दाखव, मग कागद दे.